बेरी फळे आणि आपले आरोग्य : जांभूळ, करवंद, तुती, बोर ते स्ट्रॉबेरी

'बेरी खा, आजार टाळा' असे मेसेज आजकाल जवळपास प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरतात. सोबत ब्लूबेरीचा फोटो असतो. मॉलमध्ये जाऊन त्या छोट्याशा डबीचा भाव बघितला की माणूस गुपचूप परत येतो आणि 'हे आपल्यासारख्यांसाठी नाही' म्हणून विषय सोडून देतो. त्याच ग्रुपवर दुसरा मेसेज येतो : जांभळाच्या बियांची पावडर घ्या, शुगरची गोळी कायमची सुटेल. पहिल्या मेसेजमुळे खिशाला फटका बसतो, दुसऱ्यामुळे जिवाला.

खरी गोष्ट या दोन्हींच्या मधली आहे. बेरीवर्गातील फळे आरोग्यासाठी चांगली आहेत, यात शंका नाही. पण त्यासाठी परदेशी डबीच लागते असे नाही, आणि कोणतेही फळ औषधाची जागा घेत नाही. कोणती फळे, कधी, किती आणि कशी खावीत, कुठे सावध राहावे, याची माहिती या लेखात एकत्र दिली आहे.

बेरी म्हणजे नेमके काय?

वनस्पतीशास्त्राच्या व्याख्येत केळी, टोमॅटो आणि द्राक्ष ही 'बेरी' आहेत आणि स्ट्रॉबेरी मात्र नाही. पण रोजच्या बोलण्यात आपण बेरी म्हणतो ते लहान आकाराच्या, रसाळ, बहुधा साल न काढता खायच्या आंबट-गोड फळांना. या अर्थाने आपल्याकडची स्ट्रॉबेरी, तुती (शहतूत), जांभूळ, करवंद, फालसा आणि टिपारी (रसभरी) ही सगळी या कुटुंबात बसतात. आवळ्याला तर इंग्रजीत 'इंडियन गूजबेरी' असेच नाव आहे. पोषणाच्या दृष्टीने बोरही याच रांगेत ठेवायला हरकत नाही.

हदीसमधील एक उल्लेख

हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्याकडून आलेली एक रिवायत सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. मक्केजवळ मर्रुज्जहरान या ठिकाणी सहाबा पीलूच्या झाडाची फळे तोडत होते. प्रेषित मुहम्मद (स.) सोबत होते. त्यांनी सांगितले की काळी झालेली फळे घ्या, ती जास्त चांगली असतात. आपण बकऱ्या चारल्या होत्या का, असे विचारल्यावर आपण (स.) म्हणाले की प्रत्येक नबीने बकऱ्या चारल्या आहेत. पीलू म्हणजे तेच झाड ज्याची मिसवाक आपण वापरतो. त्याची बारीक फळे पिकली की गडद होतात. अरबीत त्यांना 'कबास' म्हणतात.

सिदर म्हणजे बोरीच्या कुळातील झाड. त्याचा उल्लेख कुरआनमध्ये सूरह सबा आणि सूरह वाकिआमध्ये आहे. मय्यतीला गुस्ल देताना पाण्यात बोरीची पाने घालण्याची आपल्याकडची पद्धतही हदीसवरूनच आली आहे.

या रिवायतींना वैद्यकीय अहवाल समजू नये. त्यांचा मूळ हेतू तो नाही. पण रानातले साधे फळ तोडून खाणे ही कमीपणाची गोष्ट नाही, उलट अल्लाहची नेमत आहे, एवढे त्यातून नक्की कळते. आणि पिकलेले, गडद फळ निवडण्याची सवय आरोग्याच्या दृष्टीनेही योग्य आहे. ते कसे, हे पुढे पाहू.

या फळांत असते तरी काय?

पहिली गोष्ट म्हणजे रंग. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी होते, तुती तोडताना बोटे रंगतात. हा रंग अँथोसायनिन नावाच्या घटकांचा असतो. स्ट्रॉबेरी, करवंद, फालसा आणि ब्लूबेरीचा रंगही त्यांचाच. फळ पिकत जाते तसा हा रंग वाढतो. म्हणूनच लालसर-कच्च्या जांभळापेक्षा काळेभोर जांभूळ चांगले. अँथोसायनिनचा रक्तवाहिन्यांच्या आरोग्याशी संबंध असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

दुसरी गोष्ट व्हिटॅमिन सी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम आणि महिलेला 65 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी लागते. 100 ग्रॅम स्ट्रॉबेरीत ते सुमारे 59 मिलिग्रॅम असते. तेवढ्याच ब्लूबेरीत फक्त 10 मिलिग्रॅमच्या आसपास. आवळा तर सगळ्यांच्या पुढे आहे : 100 ग्रॅममध्ये 250 मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे एका मध्यम आवळ्यात एका महिलेची दिवसाची गरज भागू शकते. आवळ्याचा आणि ब्लूबेरीचा भाव शेजारी ठेवून बघा.

तिसरी गोष्ट चोथा, म्हणजे फायबर. साल आणि बारीक बियांसकट खाल्ल्यामुळे या फळांतून चांगला चोथा मिळतो. त्याने पोट साफ राहते, पोट भरल्यासारखे वाटते आणि साखर रक्तात हळूहळू उतरते.

चौथी गोष्ट, यात उष्मांक कमी असतात. 100 ग्रॅम स्ट्रॉबेरीत जेमतेम 32 कॅलरी आणि सुमारे 5 ग्रॅम साखर असते. 100 ग्रॅम जांभळात 60 च्या आसपास कॅलरी असतात. वजन कमी करणाऱ्यांसाठी संध्याकाळच्या भजी-समोशापेक्षा हा कितीतरी हलका नाश्ता आहे.

आपल्या बाजारातली फळे आणि त्यांचा मोसम

स्ट्रॉबेरी : महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी देशभर जाते. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साधारण डिसेंबर ते मार्च हा मोसम. मोसम भरात असताना भाव उतरतो, तेव्हाच घ्यावी.

तुती : फेब्रुवारीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत. काळी तुती गोड आणि नाजूक असते, त्यामुळे ती त्याच दिवशी खावी. 100 ग्रॅममध्ये सुमारे 36 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि पावणेदोन मिलिग्रॅमच्या वर लोह असते. फळांच्या मानाने हे लोहाचे प्रमाण चांगले आहे.

करवंद : डोंगरची काळी मैना. एप्रिल-मे महिन्यांत कोकणात आणि घाटात रस्त्याच्या कडेला पानांच्या द्रोणात मिळते. जंगली फळ असल्याने त्यावर सहसा फवारणी नसते. रस्त्याची धूळ मात्र असते, म्हणून धुऊनच खावे.

फालसा : मे-जूनमध्ये थोडेच दिवस मिळतो. गाडीवर मीठ-मसाला लावून देतात. थोडे मीठ चालेल, पण ब्लड प्रेशर असणाऱ्यांनी साधाच मागावा.

जांभूळ : मे अखेरपासून जुलैपर्यंत. पालघर जिल्ह्यातील बहाडोलीचे जांभूळ प्रसिद्ध आहे आणि त्यालाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

बोर आणि आवळा : दोन्ही हिवाळ्यातले. जळगावच्या मेहरूणची बोरे नावाजलेली आहेत. दोन्हींत व्हिटॅमिन सी भरपूर. आवळा कच्चा किसून, कोशिंबिरीत किंवा डाळीत वरून घालून खाता येतो.

टिपारी : कागदासारख्या आवरणातले पिवळे-केशरी फळ, हिवाळा संपताना मिळते. पूर्ण पिकलेलीच खावी. हिरवी, कच्ची टिपारी खाऊ नये, तिने त्रास होऊ शकतो.

थोडक्यात, पावसाळ्याचे शेवटचे काही आठवडे सोडले तर वर्षभर काही ना काही मिळत असते. जे मोसमात आहे ते घेतले की स्वस्तही पडते आणि ताजेही मिळते.

शुगर असणाऱ्यांनी काय करावे?

आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या खानदानात, शेजारात नजर फिरवली तर हे आकडे खोटे वाटत नाहीत.

अशा व्यक्तींनी ही फळे खावीत का? बहुतेकांना खाता येतात. एका वेळी एक छोटी वाटी, म्हणजे सुमारे 100 ग्रॅम, आणि तीही अख्खी, साखर किंवा मध न घालता. अमेरिकेतील सुमारे 1 लाख 87 हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक मोठा अभ्यास 2013 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला होता. ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंद यांसारखी अख्खी फळे जास्त खाणाऱ्यांमध्ये टाइप 2 मधुमेहाचे प्रमाण कमी दिसले. फळांचा ज्यूस जास्त पिणाऱ्यांमध्ये उलट ते जास्त दिसले. फळ तेच, पण चोथा गेला की गणित बदलते.

आता जांभळाच्या पावडरीबद्दल. जांभळाची बी, साल, पाने यांचा वापर परंपरेत जुना आहे आणि त्यावर संशोधनही चालू आहे. पण ब्राझीलमधील डॉक्टरांनी टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांवर केलेला एक छोटा पण शिस्तशीर प्रयोग 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना जांभळाच्या पानांचा चहा दिला, काहींना शुगरची नेहमीची गोळी. उपाशीपोटीची शुगर गोळी घेणाऱ्यांची कमी झाली, चहा पिणाऱ्यांची नाही. बियांच्या पावडरीलाही गोळीच्या जागी बसवावे इतका भक्कम पुरावा आज नाही.

म्हणून घरातल्या बुजुर्गांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा : जांभूळ जरूर खा, पण गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. गोळी सोडल्यावर काही दिवस 'बरे वाटते', कारण वाढलेली शुगर लगेच दुखत नाही. ती आतून डोळे, किडनी आणि पायाच्या नसा खराब करत राहते. पावडर घ्यायचीच असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळीसोबत घेतल्यास शुगर एकदम खाली जाण्याचा धोकाही विसरू नये, विशेषतः रोजा ठेवणाऱ्यांनी.

रक्ताची कमी आणि घरातल्या बायका

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के महिलांमध्ये रक्ताची कमी आढळली. म्हणजे दोघींपैकी एकीला. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांमध्ये हे प्रमाण जवळपास 69 टक्के होते.

बेरी फळे खाऊन रक्त वाढते असे सरसकट म्हटले जाते, ते अर्धे खरे आहे. तुती सोडली तर यांतल्या बऱ्याच फळांत लोह फार नसते. पण त्यातले व्हिटॅमिन सी दुसरे मोठे काम करते. डाळ, पालेभाजी, बाजरी, नाचणी यांतले लोह शरीराला सहजासहजी घेता येत नाही. जेवणासोबत व्हिटॅमिन सी असेल तर ते जास्त प्रमाणात शोषले जाते. अनेक घरांत गोश्त आठवड्यातून एक-दोनदाच शिजते, बाकी दिवस डाळ-भात-भाकरी. अशा जेवणात थोडा किसलेला आवळा किंवा जेवणासोबत चार-पाच स्ट्रॉबेरी, बोरे असली तर त्याच डाळ-भाकरीतून जास्त लोह मिळते.

याच्या बरोबर उलट काम चहा करतो. जेवणाला लागूनच चहा घेतला तर लोहाचे शोषण घटते. तासभर थांबून चहा घ्यावा.

एक गोष्ट आणखी. फळाची प्लेट आधी घरातल्या पुरुषांपुढे आणि मुलांपुढे जाते. अम्मी, सून, कॉलेजला जाणारी मुलगी यांच्या वाट्याला उरलेसुरले येते किंवा काहीच येत नाही. रक्ताची कमी मात्र त्यांनाच जास्त आहे. फळ आणल्यावर वाटणी सगळ्यांची सारखी व्हावी, याकडे घरातल्या कर्त्याने लक्ष द्यावे. आणि हिमोग्लोबिन कमी निघाले असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्याव्यात. फळ त्यांच्या सोबतीला आहे, त्यांच्या बदल्यात नाही.

दिलाचे आरोग्य

2013 मध्ये 'सर्क्युलेशन' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील सुमारे 93,600 महिलांचा 18 वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात अँथोसायनिन सर्वांत जास्त होते, त्यांना हार्ट अटॅकचा धोका सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या तुलनेत 32 टक्के कमी दिसला. त्यांचे अँथोसायनिन मुख्यतः स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरीतून येत होते. असे अभ्यास फक्त संबंध दाखवतात. बेरीमुळेच हार्ट अटॅक टळला, असे त्यावरून ठामपणे सांगता येत नाही. तंबाखू, सिगारेट, तळलेले आणि खारट तसेच ठेवून वरून मूठभर जांभळे खाल्ली, तर दिल वाचणार नाही.

शरबत, जॅम, मुरंबा आणि 'बेरी फ्लेवर'

आपल्याकडे फळ आवडते, पण बऱ्याचदा साखरेच्या रूपात : फालशाचे शरबत, करवंदाचा जॅम, आवळ्याचा मुरंबा, स्ट्रॉबेरी क्रश. जॅममध्ये साधारणपणे अर्ध्याहून जास्त भाग साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर आणि ज्यूसमधली साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, आणि 5 टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे 25 ग्रॅमच्या आत असेल तर अधिक चांगले. शरबताचा एक मोठा ग्लास हे सगळे एकाच वेळी संपवू शकतो. मेहमान आले, शादी-ब्याह असले तर ठीक. रोजची सवय नको.

केकवरची चकचकीत लाल 'चेरी' अनेकदा करवंदच असते, साखरेच्या पाकात मुरवून रंग दिलेले. ते खाऊन करवंदाचा फायदा मिळत नाही.

पाकिटावर स्ट्रॉबेरीचे चित्र असले तरी आत फळ असेलच असे नाही. मुलांच्या जेली आणि गमीमध्ये जिलेटिन असू शकते, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते. काही लाल-गुलाबी पदार्थांत आयएनएस 120, म्हणजे कार्माइन हा किटकांपासून मिळणारा रंग असतो. घेण्याआधी पाकिटामागचा मजकूर वाचा. हलालबद्दल शंका असेल तर आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारा. ताज्या फळाबाबत हा प्रश्नच येत नाही.

रमजानच्या दस्तरखानावर

रमजान दरवर्षी 10-11 दिवस आधी येतो, त्यामुळे इफ्तारची फळेही काही वर्षांनी बदलतात. सध्या तो स्ट्रॉबेरी, तुती आणि बोरांच्या दिवसांत येतो आहे. खजूर आणि पाण्याने रोजा सोडल्यावर लगेच भजी आणि लाल सिरपच्या दुधाकडे न वळता एक वाटी ताजी फळे घ्यावीत. फ्रूट चाटमध्ये साखर किंवा कंडेन्स्ड मिल्क नको, थोडी काळी मिरी आणि लिंबू पुरे. सहरीत दही आणि स्ट्रॉबेरी किंवा तुती घेतली तर चोथा आणि पाणी दोन्ही मिळते. स्ट्रॉबेरीत 90 टक्के पाणीच असते.

किती खावे आणि काय सांभाळावे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला सुमारे 100 ग्रॅम फळे आणि 400 ग्रॅम भाज्या खाव्यात. म्हणजे एक छोटी वाटी फळे पुरेशी आहेत. ढीगभर जांभळे किंवा करवंदे एकदम खाल्ली तर पोट बिघडते.

फळे खायच्या आधी वाहत्या पाण्यात धुवा. स्ट्रॉबेरीचे देठ धुतल्यानंतर काढा. साबण लावू नका. बुरशी लागलेले फळ टाकून द्या.

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे गोल फळ देऊ नका, घशात अडकू शकते. जांभूळ, बोर, आवळा बी काढून आणि तुकडे करून द्या, समोर बसून भरवा.

स्ट्रॉबेरी पहिल्यांदा देताना थोडी द्या. अंगावर पुरळ उठले किंवा ओठ सुजले तर थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. श्वासाला त्रास होत असेल तर तातडीने दवाखाना गाठा.

किडनीचा आजार किंवा वारंवार होणारे मुतखडे असतील तर कोणते फळ किती खायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवा. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन गोळी चालू असेल तर क्रॅनबेरीचा ज्यूस किंवा गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका.

क्रॅनबेरी काही महिलांमध्ये लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होणे कमी करते, असे अभ्यासांत दिसले आहे. पण झालेला संसर्ग ती बरा करत नाही. जळजळ, ताप, कंबरदुखी असेल तर लाजेने अंगावर काढू नका, तपासणी करून घ्या.

शेवटी एवढेच. पुढच्या वेळी ग्रुपवर ब्लूबेरीचा फोटो आला तर मन खट्टू करू नका. चौकातल्या गाडीवर जे मोसमाचे आहे ते पिकलेले, गडद फळ पावभर घ्या, धुवा आणि बिस्मिल्लाह म्हणून सगळ्यांनी मिळून खा. आणि जांभळाच्या पावडरीचा मेसेज आला, तर तो पुढे पाठवण्याआधी घरातल्या शुगरच्या पेशंटने आजची गोळी घेतली का, ते विचारा.